नंबर लावण्याच्या काळापासून पल्सरपर्यंत : बजाज ऑटोच्या बदलाची पार्श्वभूमी

आज 'कंपनीने काळाबरोबर बदलावं' असं सहज म्हटलं जातं. पण गिऱ्हाईक स्वतःहून दारात रांग लावत असताना कुठल्या कंपनीला बदलावंसं वाटेल? बजाज ऑटोचा इतिहास या प्रश्नापासूनच वाचायला हवा.

1960 च्या सुमारास इटलीच्या पियाजिओशी करार करून बजाजने व्हेस्पा स्कूटर बनवायला घेतली. 1971 मध्ये करार संपला आणि 1972 मध्ये बजाजची स्वतःची चेतक स्कूटर आली. किती गाड्या काढायच्या हे तेव्हा कारखाना नव्हे, दिल्लीचा परवाना ठरवायचा. मागणी अफाट आणि उत्पादनाला कुंपण, त्यामुळे नंबर लावल्यावर गाडी हाती यायला वर्षानुवर्षं, कधी दहा वर्षंही लागत. नंबर लागलेली गाडी लोक वर 'ऑन', म्हणजे ठरलेल्या किमतीपेक्षा जादा पैसे, देऊन विकत घेत. गाडीही सोशिक होती. सकाळी एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं. याबद्दल कुणाची तक्रार नसे, कारण दुसरा पर्याय जवळपास नव्हताच.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 ही मोटरसायकल बाजारात आली. फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळायची कटकट नाही आणि लिटरला 80 किलोमीटरचा दावा. पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या घरांना हे गणित लगेच पटलं. बजाजनेही त्याच दशकात जपानच्या कावासाकीशी हातमिळवणी केली होती, म्हणजे तंत्रज्ञान मिळत नव्हतं असं नाही. माझ्या मते उणीव होती ती निकडीची. स्कूटर खपत होती तोवर मोटरसायकल हे दुय्यम कामच राहिलं.

1991 मध्ये परवानाराज मोडीत निघालं. 1993 च्या सुमारास 'बॉम्बे क्लब' म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींनी परदेशी कंपन्यांशी समान पातळीवर स्पर्धा हवी अशी मागणी केली. बजाज ऑटोचे प्रमुख राहुल बजाज त्यांच्या पुढाऱ्यांपैकी होते. त्यांना अनेकांनी स्पर्धेला घाबरणारे ठरवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. चाळीस वर्षं हातपाय बांधलेल्या उद्योगाने तयारीला वेळ मागणं गैर नव्हतं.

नव्वदचं दशक संपता संपता मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं आणि बजाजचा पहिला नंबर हिरो होंडाकडे गेला. उत्तर मिळालं ते चाकणच्या नव्या कारखान्यातून. 2001 मध्ये 150 आणि 180 सीसीची पल्सर मोटरसायकल आली. हिरो होंडाच्या मायलेजशी मायलेजनेच लढण्याऐवजी ताकद आणि रूप हवं असलेला तरुण गिऱ्हाईक बजाजने हेरला. या साऱ्या वाटचालीतली खरी व्यूहरचना ती हीच.

बदलाची किंमत कामगारांनीही मोजली. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, 2007 मध्ये आकुर्डीच्या जुन्या कारखान्यातलं वाहन उत्पादन थांबलं. व्यवस्थापनाच्या यशोगाथांत या माणसांना दोन ओळीही मिळत नाहीत, आणि ते मला खटकतं.

2009 च्या अखेरीस राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करून फक्त मोटरसायकलवर भर द्यायचं ठरवलं. वडिलांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं. निर्यातीत हा भर फळाला आला. आफ्रिकेत बजाजची बॉक्सर मोटरसायकल घरोघर पोचली. देशात मात्र त्याच वर्षांत होंडाची गिअरलेस स्कूटर अ‍ॅक्टिव्हा घराघरात शिरत होती, आणि त्या बाजारात बजाजची एकही गाडी नव्हती.