चित्र निघतं कुठून, ते आधी सांगा

या वर्षात नाशिकमधल्या चार ओळखीच्यांनी मला जवळजवळ एकच फोटो पाठवला. टेबलावर हौसेने घेतलेला जुन्या धाटणीचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, भिंतीवर नवा टीव्ही आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’. चौघांनाही वाटलं, बोर्ड गेला. बोर्ड चारही घरी ठणठणीत होता, अडॅप्टर मात्र उलट्या दिशेचा होता.

व्हीजीए म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. निळं, पंधरा पिनांचं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं ते कनेक्टर तुम्ही शाळेच्या लॅबमध्ये शेकडो वेळा पाहिलं असेल. आयबीएमने ते १९८७ मध्ये आणलं आणि ॲगॉन लाइटसारखे आजचे हौशी बोर्डही चित्र तिथूनच बाहेर काढतात. टीव्हीला आता फक्त एचडीएमआय असतं, म्हणून मध्ये काहीतरी लागतं. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

घोळ सुरू होतो तो ‘एचडीएमआय-व्हीजीए अडॅप्टर द्या’ या वाक्यापासून. या नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींना एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए. किंमत साधारण सारखी, आकार सारखा. पण एक फक्त एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाते आणि दुसरी फक्त व्हीजीएकडून एचडीएमआयकडे. गोदावरीचं पाणी गंगापूर धरणातून रामकुंडाकडे येतं, रामकुंडावरून धरणात चढत नाही. तसंच हे. उलटं लावलं म्हणून जळत वगैरे काही नाही, पण चित्रही येत नाही.

असं का, तर आतली चिप वेगळी असते. एचडीएमआयमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात जातं आणि प्रत्येक ठिपका कधी सुरू होतो, कधी संपतो हे सांगणारं घड्याळही सोबत जातं. त्याचं व्हीजीए करायचं म्हणजे आकडे वाचून तेवढा व्होल्टेज तारेवर द्यायचा. हे काम सोपं आहे. उलट व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा अशा तीन तारांवर शून्य ते ०.७ व्होल्टमध्ये वर-खाली होणारा सिग्नल असतो आणि ओळ कधी सुरू झाली, पडदा कधी सुरू झाला हे सांगणाऱ्या दोन तारा. ठिपक्यांचं घड्याळ कुठेच नसतं. ६४०×४८० च्या चित्रात एक ओळ खरं तर ८०० ठिपक्यांइतकी लांब असते आणि पडदा ५२५ ओळींचा. उरलेली जागा रिकामी. कन्व्हर्टरला त्या दोन तारांवरून, म्हणजे सिंकवरून, हे सगळं ताडावं लागतं. अंदाज थोडा चुकला की उभ्या पट्ट्यांत अक्षरं धुरकट होतात किंवा डावीकडचा एक कॉलम गायब होतो. तेव्हा केबल बदलू नका, कॉम्प्युटरवर ६४०×४८०, ६० हर्ट्झचा साधा मोड लावून बघा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुकानात ओळखायचं कसं? छापलेल्या नावावर विसंबू नका, टोकं बघा. ज्या टोकातून पिना किंवा धातूचा प्लग बाहेर आलेला असतो, ज्याला आपल्याकडे मेल म्हणतात, ते सहसा थेट कॉम्प्युटरमध्ये बसतं; भोकाच्या टोकाला फिमेल म्हणतात. व्हीजीए मेल आणि एचडीएमआय फिमेल असेल तर ती आपली वस्तू. तिला बहुतेक वेळा यूएसबीची एक शेपटी असते आणि आवाजासाठी ३.५ मिमीचं एक भोक. शेपटी यासाठी की एचडीएमआयच्या बाजूने कॉम्प्युटर स्वतः ५ व्होल्ट पुरवतो, व्हीजीएच्या बाजूने तसा भरवसा नसतो. शेपटी मोबाइलच्या चार्जरला लावा. ती लोंबकळत ठेवून ‘चालत नाही’ म्हणणारे मला दोनदा भेटलेत.

याच्या उलट, रास्पबेरी पाय ४०० सारखा कीबोर्डात बसवलेला कॉम्प्युटर मायक्रो एचडीएमआयमधून चित्र देतो. तो जुन्या मॉनिटरला जोडायचा असेल तर दुसरी वस्तू हवी, मायक्रो एचडीएमआय मेल आणि व्हीजीए फिमेल. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो, चित्र निघतं कुठून? ‘कुठून’ आधी बोला, ‘कुठे’ नंतर. एमजी रोडवर एका दुकानात मी स्वतः दोनदा ‘कॉम्प्युटर व्हीजीए, टीव्ही एचडीएमआय’ असं स्पष्ट सांगूनही उलटीच वस्तू हातात पडली. तेव्हापासून पाकीट फोडून टोकं बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

दोन्ही टोकांना प्लग असलेली, आत कुठलीही चिप नसलेली ‘व्हीजीए-एचडीएमआय केबल’ही मिळते. ती घेऊच नका. डीव्हीआय-डी (मॉनिटरचं आणखी एक डिजिटल कनेक्टर) ते एचडीएमआय मात्र साध्या केबलने जमतं, कारण दोन्हींत सिग्नल एकाच जातीचा आहे. पिवळ्या पिनेच्या एव्ही डब्यांतही हाच दिशेचा घोळ आहे. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ हे डबे जुळ्या भावांसारखे दिसतात, तिथेही इनपुटचं भोक कोणतं ते वाचा. आणि १९८० च्या दशकातली खरी यंत्रं, म्हणजे आपल्या शाळांत १९८४ नंतर आलेला बीबीसी मायक्रो वगैरे, सेकंदाला १५ हजारांच्या आसपास ओळी काढतात. व्हीजीए ३१ हजारांच्या वर काढतं. त्यांना हा अडॅप्टर लागू नाही.

इतकं सांगूनही माझी पसंती विचाराल तर टीव्ही नकोच. टीव्ही ४:३ चं चित्र ताणून १६:९ करतो, गोल फुगा भाकरीसारखा चपटा होतो आणि घरातले म्हणतात, छान भरून दिसतंय! ते मला बघवत नाही. निदान सेटिंगमध्ये जाऊन ४:३ तरी करा. त्या चौघांपैकी पंचवटीतल्या एकाने शेवटी बंद पडलेल्या सायबर कॅफेतला १५ इंची जुना एलसीडी भंगारवाल्याकडून उचलला. त्याच्या मेनूत ‘क्लॉक’ आणि ‘फेज’ असतात, म्हणजे कन्व्हर्टर जे मनाने ठरवतो ते इथे आपल्याला हाताने जुळवता येतं. बहुतेक वेळा तेही करावं लागत नाही. त्याने साधी व्हीजीए केबल लावली, ‘ऑटो’चं बटण दाबलं, चित्र क्षणभर डावी-उजवीकडे सरकलं आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचा प्रॉम्प्ट काचेसारखा स्वच्छ दिसायला लागला.