लेऑन कॅथीड्रल

लेऑन कॅथीड्रल : उत्तर स्पेनमधील लेऑन शहराचे गॉथिक शैलीतील मुख्य ख्रिस्ती मंदिर. हे मरियामातेला अर्पण केलेले असून बिशपचे पीठ येथेच आहे. ‘पुल्क्रा लेओनिना’, म्हणजे ‘लेऑनची सुंदरी’, या लॅटिन नावानेही ते ओळखले जाते. वायव्य स्पेनमधील सान्तियागो या तीर्थक्षेत्राला पायी निघालेले यात्रेकरू शतकानुशतके येथे थांबत आले आहेत. सुमारे १,८०० चौ. मी. रंगीत काच ही त्याची खरी ओळख; स्पेनमध्ये दुसऱ्या कुठल्याही मध्ययुगीन वास्तूत दगडाने काचेला इतकी जागा करून दिलेली नाही.

लेऑन मुळात रोमन सैन्याची छावणी. सातवी लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) येथे राही आणि ‘लीजन’वरूनच शहराला नाव पडले. कॅथीड्रलच्या जागी त्या काळी सार्वजनिक स्नानगृहे होती. पुढे तेथे राजवाडा झाला. दहाव्या शतकात राजा दुसरा ऑर्दोन्यो याने तो चर्चसाठी देऊन टाकला. त्याची समाधी आजही वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गात आहे. अकराव्या शतकात रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या) शैलीतील चर्च उभे राहिले आणि १०७३ मध्ये त्याचा अभिषेक झाला. आजच्या इमारतीचे काम तेराव्या शतकात, विशेषतः १२५५ च्या सुमारास बिशप मार्तिन फर्नांदेस याच्या काळात जोमाने सुरू झाले. राजा दहावा अल्फोन्सो याचा त्याला पाठिंबा होता. बुर्गोसच्या कॅथीड्रलवरही काम केलेला उस्ताद एन्रिके येथे प्रमुख होता. १२७७ मध्ये तो वारला, तेव्हा हुआन पेरेसने काम पुढे नेले.

आराखडा थेट फ्रान्समधला, रँसच्या कॅथीड्रलच्या वळणाचा, मात्र आकाराने बराच लहान. लांबी सुमारे ९० मी., मधल्या दालनाची उंची सुमारे ३० मी. छताचा भार बारीक खांबांवर आणि बाहेरून टेकू देणाऱ्या अर्धकमानींवर घेतल्यामुळे भिंतींना फारसे काम उरले नाही. त्यांची जागा खिडक्यांनी घेतली. वरच्या उंच खिडक्यांखालची अरुंद सज्जाची पट्टीसुद्धा काचेचीच आहे. उत्तरेकडे बायबलच्या जुन्या करारातील, दक्षिणेकडे नव्या करारातील विषय आहेत. एका खिडकीत मात्र चक्क शिकारीचे दृश्य आहे. ती काच मूळची राजवाड्यातली असावी असे मानतात.

पश्चिमेच्या तीन दारांपैकी मधल्या दाराच्या खांबावर ‘शुभ्र माता’ मेरीची हसतमुख मूर्ती आहे. ही प्रतिकृती असून मूळ मूर्ती आत सुरक्षित ठेवली आहे. तिच्या वर अंतिम न्यायाचा देखावा कोरलेला आहे. एका बाजूला पुण्यवान गप्पा मारत आहेत, एक जण ऑर्गन वाजवतो आहे. दुसऱ्या बाजूला राक्षस पाप्यांना काहिलीत कोंबत आहेत. याच दर्शनी भागातल्या एका लहान खांबावर ‘लोकुस आपेलातिओनिस’ असे कोरले आहे. दाद मागण्याची जागा, असा त्याचा अर्थ. येथे न्यायनिवाडे होत.

इतक्या नाजूक रचनेची किंमत इमारतीला मोजावी लागली. पाया स्नानगृहांच्या अवशेषांवर, आणि दगडही लवकर झिजणारा. लोक दोष देत तो एका महाकाय चिचुंद्रीसारख्या प्राण्याला : दिवसा बांधलेले तो रात्री पोखरून टाकी, अखेर त्याला मारून त्याचे कातडे दाराच्या आतल्या बाजूला टांगले, अशी आख्यायिका आहे. दारावर टांगलेली ती वस्तू आजही पाहायला मिळते. प्रत्यक्षात ती एका मोठ्या समुद्री कासवाची पाठ आहे.

१६३१ मध्ये मध्यभागीचे छत कोसळले. त्या जागी बांधलेल्या जड घुमटाने खांबांवरचा ताण आणखी वाढवला. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानेही धक्का दिला. १८४४ मध्ये सरकारने ही इमारत संरक्षित स्मारक जाहीर केली. स्पेनमधील तो पहिला मान. १८५९ पासून मातियास लाव्हिन्या, मग हुआन माद्रासो आणि देमेत्रिओ दे लोस रिओस यांनी दुरुस्तीचे काम पाहिले. माद्रासोने संपूर्ण छताला आतून लाकडी सांगाड्याचा आधार दिला आणि दगड उतरवून पुन्हा रचले. माझ्या मते या वास्तूच्या इतिहासात मूळ उस्तादांइतकेच श्रेय त्याला द्यायला हवे. शेवटी हुआन बाउतिस्ता लासारो याने काचा दुरुस्त करून परत बसवल्या आणि १९०१ मध्ये दारे उघडली.

२९ मे १९६६ रोजी वीज पडून वरचे लाकडी छप्पर जळाले. छताच्या कमानी सच्छिद्र, हलक्या दगडाच्या. पाणी शोषून त्या जड झाल्या असत्या तर सगळेच खाली आले असते, म्हणून अग्निशामकांनी पाण्याचा मारा आवरता घेतला. कमानी टिकल्या, काचाही वाचल्या.