तीन पात्यांचा पंखा की पाच पात्यांचा?

ग्वाल्हेरात हल्ली नवीन फ्लॅट घेतला की हॉलमध्ये चार नाहीतर पाच पात्यांचा पंखा लावायचा असं ठरूनच गेलंय, दिसतो छानच, पण मे महिना लागला की तक्रार येतेच, "एवढी पाती आहेत तरी वारा का लागत नाही हो?" पाती जास्त म्हणजे वारा जास्त असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं.

पातं फिरवायला मोटरला जोर लागतो. मोटर तीच ठेवून दोन पाती वाढवली की ओझं वाढतं, स्पीड उतरतो, आणि पाती जवळजवळ आल्यामुळे प्रत्येकाला पुढच्या पात्याने आधीच ढवळलेली हवा मिळते. म्हणून आपला नेहमीचा 1200 एमएमचा, म्हणजे 48 इंची पंखा तीन पात्यांचाच असतो आणि मिनिटाला साडेतीनशे-पावणेचारशे फेऱ्या मारतो. पाच पात्यांचा सहसा हळू फिरतो, आवाज कमी, वारा मऊ. अमेरिकेत असेच पंखे जास्त दिसतात कारण तिथे बहुतेक घरांत एसी असतो, पंख्याने ती थंड हवा नुसती खोलीभर फिरवायची.

पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो, आणि त्यासाठी अंगावर थेट जोराचा वारा लागतो. त्यामुळे एसी नसलेल्या खोलीत तीनच पाती घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. अर्थात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास गेला आणि लू सुटली की दुपारी हवाच अंगापेक्षा गरम असते, तेव्हा कुठलाही पंखा भट्टीतला वारा फेकतो, त्या वेळी खिडकीत कूलर लावायचा आणि वरचा पंखा हळू ठेवायचा. हवा कोरडी म्हणून इथे कूलर चालतो हो, वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये त्याच कूलरने खोली चिकचिकीत होते, तिथे जोराचा पंखाच कामाचा.

पाच पात्यांचा वाईट असं अजिबात नाही. एसीची बेडरूम, किंवा ज्या म्हाताऱ्या माणसांना रात्री थेट वारा सोसत नाही त्यांची खोली, तिथे तोच बरा. शिवाय बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे काही पाच पात्यांचे पंखे चांगला वारा देतात, म्हणून पाती मोजण्यापेक्षा खोक्यावरची एअर डिलिव्हरी वाचा. 48 इंचीला 210 ते 230 सीएमएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनमीटर हवा, असेल तर उत्तम. जानेवारी 2023 पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय तेही बघा, साधा पंखा 70-75 वॅट घेतो, बीएलडीसी तीसच्या आसपास, लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर हा फरक फार जाणवतो.

आणि रॉड! ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांची छतं एवढी उंच की आखूड रॉडवर कुठलाही पंखा लावा, खाली वारा पोचतच नाही, लांब रॉड घालून पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणा. फ्लॅटमध्ये उलटं, पाती छताला चिकटली तर वरून हवा ओढायला जागाच नाही, फूटभर अंतर पाहिजेच.

काही महागड्या पंख्यांना उलट फिरायचं बटण असतं, थंडीत छताखालची गरम हवा खाली आणायला. खोलीत हीटर लावत असाल तर उपयोग होईल, नाहीतर जानेवारीत आपण पंखा बंदच ठेवतो, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.