इमारतीचं मॉडेल शून्यापाशीच का हवं?

सर्व्हेअरकडून जागेचा नकाशा येतो तेव्हा प्लॉटच्या कोपऱ्यांचे आकडे लाखांत असतात. यूटीएम या नकाशे काढायच्या जागतिक पद्धतीत पृथ्वीचे ६-६ अंशांचे ६० पट्टे पाडलेले असतात. उणे आकडे येऊ नयेत म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला पूर्वेकडचा आकडा मुद्दाम ५,००,००० मीटर दिलेला असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचं अंतर थेट विषुववृत्तापासून मोजतात, त्यामुळे ते सहज २०,००,००० मीटर भरतं. हे पाहून अनेक जण इमारतीचं संगणकातलं त्रिमितीय मॉडेलही त्याच आकड्यांवर उभं करतात. संगणकाला आकडा लहान काय नि मोठा काय, सारखाच, असा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे.

पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड वेगासाठी बहुतेक वेळा ३२ बिटांच्या संख्या वापरतं. त्यात अचूकतेच्या वाट्याला येतात २४ बिट (एक न लिहिता गृहीत धरलेला), म्हणजे दशमान पद्धतीतले जेमतेम ७ अंक. उरलेले बिट संख्येचं चिन्ह आणि घातांक सांगण्यात खर्च होतात. या पद्धतीत १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ च येतं, कारण पुढची पूर्ण संख्या लिहायला बिटच शिल्लक नसतो! शून्याजवळ संख्या दाटीने असतात. शून्यापासून अंतर दुप्पट झालं की लागोपाठच्या दोन संख्यांमधली फटही दुप्पट होते. १६ ते ३२ मीटरच्या टप्प्यात ही फट २ मायक्रॉनहूनही कमी असते. २०,००,००० मीटरवर ती १२.५ सेंटिमीटर होते. मधलं काहीही मांडता येत नाही. बिंदू या काठाला तरी सरकतो, नाहीतर त्या. मग जिन्याचा गोल कठडा वेडावाकडा दिसतो, मॉडेल फिरवलं की रेषा थरथरतात. एकक मिलिमीटर केलं तरी उपयोग नाही, कारण ७ अंकांची मर्यादा तीच राहते.

मूळ निर्देशांक ६४ बिटांत साठवले तर फट अणूएवढी बारीक होते, हे खरं. पण चित्र काढण्याआधी मोठे आकडे वजा करून टाकावे लागतात, आणि तसं न करणारं सॉफ्टवेअर अडखळतं. रेव्हिट या इमारतींची मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरने म्हणूनच सीमा आखून दिली आहे: मॉडेलची भूमिती अंतर्गत आरंभबिंदूपासून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या शून्यापासून, १० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरच्या आत हवी.

मग इमारतीचा खरा पत्ता कुठे लिहायचा? तो वेगळा नोंदवायचा. रेव्हिटमध्ये त्यासाठी तीन बिंदू असतात. अंतर्गत आरंभबिंदू कधीच हलत नाही. प्रोजेक्ट बेस पॉइंट इमारतीच्या सोयीचा, बहुधा दोन ग्रिडलाइन (खांबांच्या आखणीच्या रेषा) जिथे छेदतात तिथला. सर्व्हे पॉइंट जमिनीवरच्या एखाद्या ज्ञात खुणेशी बांधलेला. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायच्या आयएफसी ४ या खुल्या मानकातही हीच रीत आहे: मॉडेल शून्यापाशी, आणि सोबत पूर्व, उत्तर, उंची, वळण व प्रमाण यांची छोटीशी नोंद.

यातलं वळण फार जपावं. इमारत नकाशावर सरळ दिसावी म्हणून प्रोजेक्ट नॉर्थ आपण सोयीने ठरवतो; खरी उत्तर वेगळ्या कोनात असते. १ अंश चुकला तर १०० मीटर लांब इमारतीचं दुसरं टोक पावणेदोन मीटर सरकतं आणि सूर्यप्रकाशाचा अभ्यासही चुकतो. हल्ली कोणत्याही मॉडेलला ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे खऱ्या इमारतीचं संगणकातलं जुळं, म्हणायची चढाओढ लागली आहे. ज्याचा सर्व्हे पॉइंट कुणी जागेवर जाऊन पडताळलेला नाही, अशा मॉडेलला ते नाव द्यायला माझा ठाम विरोध आहे.

पत्ता बरोबर लिहिला तरी प्रमाण उरतंच. गोल पृथ्वी सपाट करताना यूटीएममध्ये मध्यरेषेवरचा गुणक ०.९९९६ धरलेला आहे. म्हणजे तिथे समुद्रसपाटीवरचे १०० मीटर नकाशाच्या जाळीवर ९९.९६ मीटर भरतात. ४ सेंटिमीटरचा फरक. तयार खांब आणि तुळया जोडायच्या असतील तर एवढा फरक खपत नाही, म्हणून जाळीवरचं अंतर आखणीसाठी घेण्याआधी त्या ठिकाणच्या गुणकाने भागून घ्यावं लागतं.