कमीत कमी खर्चाच्या पुढे: वाहतुकीच्या गणिताची पार्श्वभूमी

लासलगावहून गुवाहाटीला कांदा पाठवायचाय. ट्रकचं भाडं जास्त, पण माल लवकर पोचतो. रेल्वे स्वस्त, पण रॅक, म्हणजे मालगाडीचे डबे, कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि तोवर कांद्याला मोड यायला लागतात. भाडं, वेळ, नासाडी, तिघांनाही एकदम सांभाळायचं, तेही तिथली मागणी नक्की माहीत नसताना. वाहतुकीच्या गणिताला हा गुंता उशिरा दिसला.

सुरुवात झाली मातीपासून. खणलेली माती भरावापर्यंत कमीत कमी कष्टात कशी न्यायची, हा प्रश्न फ्रेंच गणिती गास्पार माँज यांनी 1781 च्या निबंधात मांडला. पुढे 1930 मध्ये ए. एन. टॉल्स्टॉय यांनी सोव्हिएत रेल्वेवरचा 10 पुरवठा ठिकाणं आणि 68 मागणी ठिकाणं असलेला प्रश्न संगणकाशिवाय सोडवला. युक्ती साधी आणि फार देखणी: ठिकाणांनी आपापसात गिऱ्हाइकं बदलून किलोमीटर वाचत असतील, तर आराखड्यात अजून सुधारणेला जागा आहे.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या जहाजवाहतूक मंडळात चालिंग कूपमन्स यांच्यापुढे रिकामी जहाजं होती. माल उतरवला की पुढचा माल असलेल्या बंदरापर्यंत जहाज रिकामंच धावायचं. तिकडे लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच 1939 पासून याच जातीच्या प्रश्नांवर लिहीत होते. 1947 मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत दिली: एका आराखड्यावरून त्याहून चांगल्या आराखड्यावर जात जात सर्वांत चांगला गाठायचा. 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि कूपमन्स यांना मिळालं, डँट्झिग यांना नाही. मला ते आजही खटकतं.

कारण खर्च, मागणी सगळं आधीच ठाऊक आहे, हे गृहीतक सैल करणाऱ्यांतही डँट्झिग होते. 1956 मध्ये फर्ग्युसन यांच्यासोबत त्यांनी विमानं मार्गांवर वाटली, प्रवासी किती येतील हे अनिश्चित धरून. सीट रिकामी गेली तर खर्च वाया, कमी पडली तर उत्पन्न गेलं. चार्न्स आणि कूपर यांनी 1959 मध्ये अट आणखी मोकळी केली: मागणी दर वेळी भागलीच पाहिजे असं नाही, समजा 100 पैकी 95 वेळा भागावी. अनेक उद्दिष्टं एकदम सांभाळणारं 'गोल प्रोग्रॅमिंग'ही (गोल म्हणजे इंग्रजीतलं goal, उद्दिष्ट) याच जोडीचं.

'साधारण इतका', 'लवकरात लवकर' अशी बोलीतली मोघम मापं गणितात आणायची वाट 1965 मध्ये लोत्फी झादे यांच्या फझी संचांनी उघडली; यात एखादी गोष्ट संचात 'आहे' किंवा 'नाही' एवढंच नसतं, ती थोडीफारही असू शकते. 1978 मध्ये झिमरमन यांनी ती अनेक उद्दिष्टांना लावली. प्रत्येक उद्दिष्ट किती साधलं याला 0 ते 1 मधला आकडा द्यायचा, आणि त्यातला सर्वांत मागे पडलेला आकडा शक्य तितका वर आणायचा.