एनएमएमएस शिष्यवृत्ती : आठवीच्या परीक्षेपासून खात्यात पैसे येईपर्यंत

आठवीत एक परीक्षा द्यायची आणि निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, शाळेच्या बोलीत एनएमएमएस, ही केंद्र सरकारची योजना. गुणवत्ता यादीत नाव आलं की काम झालं, असं घरी वाटतं. पण पैसे अडतात ते बहुतेक वेळा त्यानंतरच.

आधी पात्रता बघू. मूल शासकीय, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत हवं. केंद्रीय विद्यालय, नवोदय, शासकीय निवासी शाळा आणि विनाअनुदानित शाळांतली मुलं यात बसत नाहीत. सातवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत असावं.

महाराष्ट्रात परीक्षेचा अर्ज पालक स्वतः भरत नाहीत. शाळाच आपल्या लॉगिनमधून राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर तो भरते. तुमचं काम कागद वेळेत देण्याचं : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातवीचं गुणपत्रक, लागू असेल तर जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. दाखल्यासाठी शेवटच्या आठवड्यात सेतूत रांग लावू नका, शाळा सुरू झाली की लगेच काढून ठेवा.

परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. एक बौद्धिक क्षमता चाचणी, दुसरी शालेय क्षमता चाचणी. दुसरीत विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. दोन्ही मिळून ४० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के. अर्थात एवढ्यावर माणूस फक्त पात्र होतो, निवड गुणवत्तेनुसारच होते. शिवाय आठवीच्या वार्षिक परीक्षेतही ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) टिकवावे लागतात, हे यादीच्या आनंदात विसरायला होतं.

आता खरा भाग. नववीत गेल्यावर निवड झालेल्या मुलाने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, वेगळा अर्ज भरायचा असतो. तो आधी शाळा पडताळते, मग जिल्हा पातळीवर पडताळणी होते. शाळेचा टप्पा मुदतीत झाला नाही तर अर्ज तिथेच पडून राहतो, म्हणून अर्ज भरला की गुरुजींना 'व्हेरिफाय झालं का?' असं विचारत राहा. त्यात संकोच नको.

नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधार, शाळेचं रजिस्टर आणि निकाल या तिन्हींत अक्षरशः सारखं हवं. दुसरं, खातं मुलाच्या नावावर हवं आणि ते आधारशी सीड झालेलं, म्हणजे जोडलेलं हवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. 'डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅपिंग करा' असं स्पष्ट सांगा; डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, आणि कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते. एकापेक्षा जास्त खाती असतील तर पैसे मॅप झालेल्या खात्यात जातात, तुम्ही दुसऱ्याच खात्याचं पासबुक बघत बसता. वयाच्या पंधराव्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक्स अद्ययावत करणं सक्तीचं आहे, आणि ते वय नेमकं याच काळात येतं.

पुढे दरवर्षी त्याच पोर्टलवर नूतनीकरण करायचं. नववी आणि अकरावी पहिल्याच प्रयत्नात पास व्हायला हवं. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५ टक्के. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेतला तर शिष्यवृत्ती थांबते. अकरावीचं कॉलेज निवडतानाही ते अनुदानित आहे ना, हे विचारून घ्या. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत प्रवेश घेऊन नंतर हळहळणारे पालक दरवर्षी दिसतात.

पात्र होऊनही यादीत नाव आलं नाही, आणि मूल मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असेल, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची शिष्यवृत्ती आहे : वर्षाला ९,६०० रुपये. तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तोही शाळेमार्फतच.