आठवीपर्यंत परीक्षाच नसते का?

‘शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद केल्या’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. नापास न करणे आणि परीक्षा न घेणे यांची यात गल्लत होते. २००९ च्या मूळ कायद्यातील कलम १६ ने मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती; सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन मात्र कलम २९ नुसार करायचेच होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन व दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची, त्यातही ते अनुत्तीर्ण झाले तर मागे ठेवायचे की नाही हे सरकारने ठरवायचे. प्राथमिक शिक्षण (पहिली ते आठवी) पूर्ण होईपर्यंत शाळेतून मात्र काढता येत नाही, आणि हीच तरतूद सर्वांत मोलाची आहे. पडताळणीसाठी कलम १६ मूळ व दुरुस्त अशा दोन्ही रूपांत वाचावे. शिवाय महाराष्ट्रातील पाल्याचे प्रगतिपुस्तक उघडावे, त्यात आकारिक (शिकत असतानाच्या) व संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाच्या नोंदी सापडतील.